पंचविशीच्या आत

रत्नागिरीत जयस्तंभाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एका बाईंना परत पाठवलेलं पाहिलं. मुलाचा जन्मदाखला त्यांनी जपून लॅमिनेट करून ठेवला होता, आणि नेमका तसाच दाखला चालत नाही. शिक्के कागदाच्या पाठीवर मारतात, प्लास्टिकवर शाई धरत नाही. आत आखाती व्हिसाची कागदपत्रं तयार करणाऱ्या ताई बसतात. मी त्यांच्या टेबलाशी बसायची परवानगी मागितली.

दाखला आधी मंत्रालयात, मग परराष्ट्र खात्यात, मग यूएईच्या वकिलातीत आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र खात्यात जातो. तेव्हा कुठे दुबईतला बाप मुलाला आपल्या व्हिसावर बोलावू शकतो.

ताईंचं खरं काम त्याआधीचं. डावीकडे पासपोर्ट, उजवीकडे दाखला, आणि बापाच्या नावाखाली त्यांचं नख एकेका अक्षरावर थांबत जातं. ‘हुसेन’मध्ये पासपोर्टात एक एस, दाखल्यात दोन. “एवढ्यावरून फाइल अडते. आधी नगरपरिषदेत दुरुस्ती करून आणा.”

मुलाची आई आली की पहिला प्रश्न ठरलेला, “पंचवीसच्या आत आहे ना? लग्न नाही ना झालं?”

ऑक्टोबर 2022 पासून यूएईने अविवाहित मुलाची वयोमर्यादा 18 वरून 25 वर नेली. अविवाहित मुलीला वयाची अट नाही. पगारदार बापाला त्यासाठी 4000 दिरहम पगार, किंवा 3000 आणि राहायला जागा दाखवावी लागते. पण 20 लाख दिरहमची मालमत्ता घेऊन दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळवलेल्या गुंतवणूकदाराच्या मुलांना वयाची अटच नाही. इथल्या राजिवडा, साखरतरसारख्या वस्त्यांतल्या माणसांनी तिकडे उमेदीची वर्षं घातली. त्यांच्या मुलांना पंचवीस, आणि पैसेवाल्याच्या मुलांना मोकळं रान. हे मला अन्यायाचं वाटतं. ताई म्हणाल्या, “पूर्वी अठराच होते, शिकत असला तर एकवीस. पंचवीस झाले तेव्हा इथे किती आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला!”

त्या बाई दाखल्याची नवी प्रत घेऊन आल्या. ताईंनी जन्मतारीख पाहिली. पंचविशीला महिनाच उरला होता आणि तेवढ्यात सगळे शिक्के होणं कठीण.

“चाची, त्याला आता नोकरीचाच व्हिसा बघायला सांगा. धाकटीचा दाखला आणलाय का?”

बाईंनी पिशवीतून दुसरा कागद काढला. ताईंनी पासपोर्ट उघडला आणि बापाच्या नावापासून सुरुवात केली.