ऋग्वेदात सर्वाधिक सूक्ते इंद्राची, मग सुरुवात अग्नीपासून का?

लग्न लागले, हार घातले, फोटोही झाले. तरी गुरुजी 'सप्तपदी राहिली' म्हणून थांबवतात. हा आग्रह फक्त गुरुजींचा नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार ज्या विधींत सप्तपदी आहे, तिथे अग्नीसमोर सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. विधी न करता नुसते प्रमाणपत्र घेतल्याने हिंदू विवाह वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले. अग्नीला हा मान मिळाला कुठून?

आकडे काय सांगतात?
ऋग्वेदात १० मंडले आणि १,०२८ सूक्ते आहेत. सुमारे २५० सूक्ते इंद्राची, तर सुमारे २०० अग्नीची. विष्णू आणि रुद्र यांच्या वाट्याला मोजकीच. तरीही पहिले सूक्त अग्नीचे आहे. दुसऱ्या ते सातव्या मंडलांतही आधी अग्नी, मग इंद्र असाच क्रम दिसतो.

अग्नी पहिला का?
ऋग्वेदातील उपासना मंदिर किंवा मूर्तीभोवती नव्हे, तर यज्ञाभोवती फिरते. वृत्राला मारून पाणी मोकळे करणारा इंद्र, ऋताचा रक्षक वरुण, पहाटेची देवता उषा, या सर्वांपर्यंत तूप, धान्य, सोम पोहोचवायचा तो अग्नीनेच. देवांना यज्ञाला बोलावून आणणाराही तोच. म्हणून त्याला 'होता' आणि 'दूत' म्हटले आहे. शिवाय इतर देव दूर, हा मात्र घरातला. दोन अरणी घासल्या की जन्मणारा. जमिनीवर आग, ढगांत वीज आणि आकाशात सूर्य, ही त्याचीच तीन रूपे मानली गेली.

तीन अग्नी कोणते?
पुढे श्रौत यज्ञांत गोल गार्हपत्य, चौकोनी आहवनीय आणि अर्धगोल दक्षिणाग्नी अशी रचना ठरली. चौरसाइतक्याच क्षेत्रफळाचे वर्तुळ कसे काढायचे, याच्या रीती शुल्बसूत्रांत सापडतात. यज्ञवेदीच्या गरजेतून भूमिती घडत गेली, ती अशी.

आज काय उरले?
काळाच्या ओघात इंद्र-वरुणांची पूजा मागे पडली, विष्णू आणि शिव मोठे झाले, मंदिरे उभी राहिली. अग्नीची मंदिरे फारशी झाली नाहीत. पण होम, लग्न आणि अंत्यसंस्कार त्याच्याविना होत नाहीत. निरोप्याचे जुने काम त्याच्याकडेच राहिले. लग्नात त्यात साक्षीदाराचे कामही जोडले गेले.