थरथरणाऱ्या फळीच्या पोटात

पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं आणि पोट, पाठ, मधुमेह, हाडं सगळ्यांचा निकाल! जाहिरातीतल्या या व्हायब्रेशन प्लेटबद्दल संपादकांना संशय होता. मला मात्र तिच्या पोटात काय असतं याचंच कुतूहल.

इतिहास फार उगाळत नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले डॉक्टर शार्को यांनी १८९२च्या सुमारास पार्किन्सनच्या रुग्णांना हलत्या खुर्चीत बसवलं, कारण रेल्वेच्या लांब प्रवासानंतर त्यांना बरं वाटे. शिकागोच्या डॉक्टरांनी २०१२ साली हीच कल्पना तपासली. खुर्चीत हललेले आणि नुसते आवाज ऐकत बसलेले, दोन्ही गट सारखेच सुधारले.

फळीखाली असते मोटर. काही यंत्रांत तिच्या दांड्याला एका बाजूला जड वजन असतं. ते फिरलं की सगळं थरथरतं. मोबाइलही याच युक्तीने थरथरतो. काही फळ्या सरळ वरखाली होतात, काही मधल्या टेकूवर सी-सॉसारख्या.

खरी गोम हिसक्याच्या जोरात आहे. फळी सेकंदाला ३० वेळा, मधल्या जागेपासून दोन-दोन मिलिमीटर वरखाली झाली, तर तिचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सातपट होतं. कंपनं दुप्पट केली की जोर चौपट. गुडघे ताठ ठेवून उभे राहिलात तर तो थेट डोक्यापर्यंत पोचतो. आणि ज्या प्रयोगाने या यंत्रांना प्रतिष्ठा दिली, त्यातला जोर होता गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट! फळी मिलिमीटरच्या दशांशाइतकीही सरकत नव्हती. दोन्हींना नाव एकच, म्हणून सौम्य यंत्राची पुण्याई दणकट यंत्र विकायला सर्रास वापरता येते.

तो प्रयोग अमेरिकेतल्या क्लिंटन रुबिन यांचा, २००१ सालचा. मेंढ्यांचे मागचे पाय रोज २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, वर्षभर फळीवर. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातल्या जाळीदार भागाची घनता ३४ टक्क्यांनी वाढली. आकडा असा की कुणीही हुरळून जावं.

माणसांकडे वळल्यावर गाडी अडली. टोरांटोत पाळी गेलेल्या २०२ स्त्रियांवर वर्षभर चाचणी झाली, जोर तोच ०.३. निष्कर्ष २०११ साली आला: हाडांच्या घनतेत फरक नाही. हाँगकाँगमध्ये साठीपुढच्या ७१० स्त्रियांवर दीड वर्ष प्रयोग झाला. तिथेही हाडं फारशी सुधारली नाहीत, पण पडण्याचं किंवा हाड मोडण्याचं प्रमाण फळीवाल्या गटात १८.६ टक्के होतं, दुसऱ्या गटात २८.७. पायांचा जोर आणि तोल सुधारला असावा. मला या यंत्राच्या बाजूने सगळ्यात प्रामाणिक पुरावा हाच वाटतो, आणि जाहिरातीत नेमका तोच दिसत नाही. वजन उतरवण्याच्या दाव्याला मात्र भक्कम आधार नाही.

उलट बाजूही आहे. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर चालवणाऱ्यांची पाठ कंपनांनीच दुखावते. म्हणून युरोपात कामगारांसाठी कायद्याने मर्यादा आहे. घरच्या फळीवरचा वेळ थोडा असतो हे खरं, पण हिसका कितीतरी मोठा.

तेव्हा धडधाकट माणसाने चालावं, जिने चढावेत, पैसे वाचतील. व्यायाम झेपत नसलेल्या वृद्धांसाठी सौम्य फळी विचारात घ्यायला हरकत नाही, पण डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच. गरोदर स्त्रिया, पेसमेकर बसवलेले, पायात रक्ताची गुठळी असलेले आणि सांधेबदल नुकताच झालेले यांनी विचारल्याशिवाय तिच्यावर पाय ठेवू नये.