पेनड्राइव्ह लावला, तरी विंडोज इन्स्टॉल सुरूच होत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा



समजा, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत तुमचं ऑनलाइन केंद्र आहे. २९ ऑगस्ट २०२३ ला इथे उपोषण सुरू झालं आणि गावाचं नाव राज्यभर गेलं. त्यानंतर कुणबी नोंदी, जातीचे दाखले, अर्ज यांसाठी मराठवाड्यातल्या अशा केंद्रांवर लोकांची ये-जा वाढली. आणि नेमकं कामाच्या दिवशी मशीन बसलं. तुम्ही नवीन विंडोज टाकायला घेतलं, तर पेनड्राइव्ह बूटच होईना. बाकड्यावर लोक कागद घेऊन बसलेत. अशा वेळी माणूस घाई करतो आणि घाईतच डेटा जातो.

म्हणून क्रमाने जाऊ.

१. दोष कुणाचा, ते आधी ठरवा. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही बूट होत नसेल, तर आधी पेनड्राइव्हवर संशय घ्या. तिथे चालला, तर आपल्या मशीनची सेटिंग बघायची. डेस्कटॉपला पुढचा पोर्ट किंवा यूएसबी हब नको, मागचा पोर्ट वापरा.

२. पेनड्राइव्ह नीट बनवलाय का? आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस वापरा. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा, आणि त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. रूफसमध्ये नवीन मशीनसाठी 'जीपीटी' आणि 'यूईएफआय' निवडा, फार जुन्या मशीनसाठी 'एमबीआर'. बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते.

३. बूट मेनू उघडा. मशीन चालू करताच की दाबत राहायची. डेल, लेनोवो, एसरला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, असुस लॅपटॉपला एस्केप. एसरमध्ये एफ१२ चा मेनू आधी बायोसमधून चालू करावा लागू शकतो. की लागतच नसेल आणि जुनं विंडोज अजून उघडत असेल, तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडा.

४. सिक्युअर बूट लगेच बंद करू नका. मूळ विंडोजचा पेनड्राइव्ह ते चालू असतानाही बूट होतो. ते बंद केलं आणि डिस्कवर बिटलॉकर असेल, तर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का, हे सेटिंगला हात लावण्याआधी बघून कागदावर लिहून ठेवा.

५. सेटअप उघडला, पण डिस्क दिसत नाही? डिस्क खराब झाली असं लगेच समजू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपला व्हीएमडीचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. तो कंपनीच्या साइटवरून घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' करा.

६. 'डिस्क जीपीटी आहे' असं सांगून सेटअप अडला? इथे लोक सगळी पार्टिशन डिलीट करतात. थांबा! पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने बूट झालाय, एवढाच त्याचा अर्थ. परत बूट मेनूत जा आणि ज्या नावापुढे 'यूईएफआय' लिहिलंय तेच निवडा.

७. दर वेळी तारीख मागे जाते? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. सेल गेला की बायोसची सेटिंगही मूळपदावर येते. छोटासा सेल असतो, बदलून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेटअपच्या स्क्रीनवर शिफ्ट + एफ१० दाबा, काळी खिडकी येईल. तिथे 'नोटपॅड' इंग्रजीत टाइप करा. नोटपॅडच्या 'ओपन' मध्ये 'ऑल फाइल्स' निवडलं की जुन्या डिस्कवरच्या फाइल्स दिसतात. राइट क्लिकने कॉपी करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाका. डिस्कला बिटलॉकर असेल, तर आधी ती की लागेल.

हे का सांगतोय? विंडोज पुन्हा टाकता येतं. पण गिऱ्हाइकाने तुमच्याकडे स्कॅन करून ठेवलेला आजोबांचा जुना कागद गेला, तर तो माणूस परत तुमच्या दारात येईल का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. म्हणजे आज ना उद्या हे काम तुमच्यासमोर येणारच आहे. तेव्हा आजच एक चालणारा पेनड्राइव्ह बनवा, एकदा बूट करून तपासा आणि गल्ल्यात ठेवून द्या. गर्दीच्या दिवशी तोच कामाला येईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!