रोमन तांब्या-पितळेची नाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भुसावळच्या मोडीच्या दुकानात किंवा तापीकाठच्या शेतात चेहरा असलेलं हिरवट नाणं दिसलं, तर घाईने निष्कर्ष काढू नका. आधी काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज : चेहरा आहे, म्हणजे नाणं रोमनच.
वस्तुस्थिती : आपल्याकडच्या क्षत्रप राजांनीही नाण्यांवर आपले चेहरे छापले. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाला जिंकल्याची बातमी त्याने अशी घरोघर पोचवली.

गैरसमज : व्यापारामुळे रोमची तांब्याची नाणीही इथे भरपूर आली असतील.
वस्तुस्थिती : भडोच बंदरात मागणी होती ती रोमन सोन्या-चांदीला. रोमच्या सुट्या नाण्यांची किंमत तिथल्या सत्तेच्या शब्दावर चाले. इथे हाती उरायचं ते फक्त धातूचं वजन. शिवाय रोजच्या व्यवहाराला सातवाहनांची शिसं, तांबं आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी होतीच. उत्तरकालीन रोमन तांब्याची नाणी सापडतात ती मुख्यतः तमिळनाडू आणि श्रीलंकेत.

गैरसमज : ही सगळी नाणी काशाची.
वस्तुस्थिती : रोमन सम्राट ऑगस्टसच्या व्यवस्थेत सेस्टर्शियस आणि दुपोंदियस ही नाणी पितळेची, तर अस हे तांब्याचं. एका चांदीच्या दिनारात ४ सेस्टर्शियस किंवा १६ अस.

गैरसमज : डोक्यावर किरणांचा मुकुट म्हणजे सूर्यदेव.
वस्तुस्थिती : सम्राट नीरोच्या काळापासून सम्राटाच्या डोक्यावरचा असा मुकुट दुपोंदियसची खूण ठरू लागला. दोन अस किमतीचं हे नाणं त्यावरून ओळखता येई.

गैरसमज : मागची चित्रं नुसती सजावट.
वस्तुस्थिती : ती सम्राटाची जाहिरात होती. सम्राट व्हेस्पेशियनच्या नाण्यावर ताडासारख्या खजुराच्या झाडाखाली शोक करणारी स्त्री दिसते. ती जिंकलेल्या यहुदी प्रांताची प्रतिमा. सम्राट टायटसने रोमचं प्रेक्षागृह कलोसियम छापलं. वर्तमानपत्र नसलेल्या काळात राज्यकर्त्याचं म्हणणं असं बाजारहाटात फिरे.

गैरसमज : चिंचेने घासलं की नाण्याची किंमत वाढते.
वस्तुस्थिती : घासल्याने अक्षरं जातात आणि जुना थरही निघतो. शिवाय कायदाही लक्षात ठेवा : जमिनीत सापडलेला पुरलेला ठेवा १० रुपयांहून अधिक मोलाचा असेल, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. नाणं कुठे आणि कशासोबत मिळालं, ही नोंद हरवली तर खानदेशच्या इतिहासाचा एक पुरावा कायमचा जातो. म्हणून नाणं न घासता, ठिकाणाच्या नोंदीसह जाणकारांपर्यंत पोचवा.