दोन घरं, दोन कुलुपं आणि परतीचं तिकीट

‘‘काय लाइफ आहे यार! थंडीत पुणं, उन्हाळ्यात अमेरिका. रिटायरमेंट असावी तर अशी!’’

माझ्या मावशी-काकांबद्दल कोणालाही सांगितलं, की हा डायलॉग ठरलेला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास अडकणाऱ्या मैत्रिणीनं तो मारला, तर मी समजू शकते. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचे. मग मावशीनं कोथरूडच्या फ्लॅटची एक किल्ली माझ्या हातात ठेवली, आणि माझं मत हळूहळू बदलत गेलं.

आधी छोटासा फ्लॅशबॅक. काका पुण्याचे इंजिनीअर. १९७३ साली एक सूटकेस आणि आठ डॉलर खिशात घेऊन न्यूजर्सीला गेले (हा आठ डॉलरचा आकडा दर वर्षी कमी होत चाललाय, असं मावशी म्हणते). १९७६ मध्ये लग्न करून मावशी गेली. १९८६ मध्ये दोघांनी कोथरूडला तीन मजली बिल्डिंगमध्ये दोन खोल्या-किचन घेतलं. ‘पुढे-मागे परत येऊच’ या हिशेबानं. त्या पिढीतल्या बहुतेक सगळ्यांनी असा एक फ्लॅट घेतलाय. मुलं तिकडेच मोठी झाली, एक सिअ‍ॅटलला, एक बॉस्टनला. परत येणं राहून गेलं, फ्लॅट राहिला. २०१४ मध्ये काका रिटायर झाले आणि तेव्हापासून त्यांचं वर्ष दोन तुकड्यांत वाटलं गेलं. नोव्हेंबरच्या शेवटी यायचं, पाडवा करून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायचं.

अमेरिकेत अशा लोकांना स्नोबर्ड म्हणतात. मिशिगन, न्यूयॉर्क, मिनेसोटा अशा गारठ्याच्या राज्यांतली रिटायर्ड मंडळी बर्फ पडायच्या आत फ्लोरिडात नाहीतर अ‍ॅरिझोनात जाऊन बसतात आणि वसंत आला, की घरी परततात. काकांचे तिकडचे शेजारीही फ्लोरिडावालेच. तीन तासांची फ्लाइट, तोच डॉलर, तोच डॉक्टरांचा विमा. आमचे पक्षी मात्र अर्धी पृथ्वी ओलांडून येतात.

आपल्याकडे उलटे पक्षीही भरपूर आहेत, नाही का? तुमच्याच सोसायटीत बघा. एप्रिल-मे आला, की वरच्या मजल्यावरचे आजी-आजोबा भाजणी, मेतकूट आणि चार किलो गोडा मसाला घेऊन मुलाकडे निघतात. विमानतळावर सहा महिन्यांचा शिक्का मिळतो, आणि दिवाळीच्या आत स्वारी परत. त्यांचं घर कुठलं, हा प्रश्न कोणाला पडत नाही. ते ‘मुलाकडे’ जातात आणि ‘घरी’ येतात. मावशी-काकांची गोची अशी, की ते दोन्हीकडे घरीच जातात.

कुलूप लावणं हा एक प्रोजेक्ट आहे

न्यूजर्सीचं घर बंद करायला काकांना दहा दिवस लागतात. पाण्याचा मेन व्हॉल्व बंद करायचा, नळ उघडून पाइप रिकामे करायचे, थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर ठेवायचा. म्हणजे आपले साधारण १३ अंश. रिकाम्या घराला एवढी ऊब कशाला, तर पाइपात राहिलेलं पाणी गोठून फुगू नये म्हणून. २०१८च्या जानेवारीत तिकडे कडाक्याची थंडी पडली होती. त्या वर्षी काका मेन व्हॉल्व बंद करायला विसरले होते. कोथरूडला रात्री अडीच वाजता फोन वाजला. तिकडे दुपारचे चार होते. शेजाऱ्यांनी सांगितलं, बेसमेंटमध्ये पाणी आहे. काका पहाटेपर्यंत लुंगी-स्वेटरवर गॅलरीत बसून, व्हॉल्व नेमका कुठे आहे ते त्या माणसाला फोनवर समजावत होते. त्यानंतर त्यांनी यादी केली. ती ४१ मुद्द्यांची आहे आणि लॅमिनेट केलेली आहे.

टपाल हा आणखी एक मुद्दा. अमेरिकन पोस्ट तुमची पत्रं जास्तीत जास्त ३० दिवस सांभाळतं. त्याहून जास्त दिवस बाहेर राहायचं असेल, तर ती दुसऱ्या पत्त्यावर वळवावी लागतात. शिवाय घर बरेच दिवस रिकामं असेल, तर विम्याचे नियम वेगळे लागू होऊ शकतात. म्हणून अधूनमधून कोणीतरी आत जाऊन फेरी मारावी लागते. हे काम पलीकडचं गुजराती कुटुंब करतं. त्यांच्याकडेच मावशीचा कढीपत्ताही हिवाळ्यात मुक्कामाला असतो. त्याला बर्फ सोसत नाही. इथून नेऊ म्हटलं तर तेही जमत नाही, कारण संत्र्या-लिंबांच्या बागा उद्‌ध्वस्त करणारा रोग पसरवणारी कीड त्या पानांवर येऊ शकते, म्हणून तिकडचं कस्टम्स पान न्‌ पान काढून घेतं. तर असा तो कुंडीतला कढीपत्ता, दर नोव्हेंबरला मोठ्या मिनतवारीनं शेजारी पोचवला जातो.

पुण्याचं घर बंद करणं मावशीच्या खात्यात. फ्रिज पुसून, दारात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून उघडा ठेवायचा. कपाटात डांबराच्या गोळ्या. डाळी, पिठं कामाच्या मावशींना. पलंगांवर जुन्या चादरी. शेवटचा नंबर देवांचा. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा तांदळाच्या डब्यात बसून माझ्या आईकडे कर्वेनगरला येतात. ‘‘तिकडे नेत का नाहीस?’’ मी एकदा विचारलं होतं. ‘‘तिकडचे देव तिकडे आहेत ना. यांना कशाला सोळा तास बसवू विमानात,’’ मावशी म्हणाली. त्यांचे स्वतःचे गुडघे त्या सोळा तासांत काय म्हणतात, ते तिनं सांगितलं नाही.

मग माझी ड्यूटी सुरू. महिन्यातून दोनदा जायचं, खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, गॅलरीतल्या कबुतरांशी भांडायचं. खरं सांगू? फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलीला शांत फ्लॅट मिळणं म्हणजे लॉटरी. या मासिकातले माझे बरेच लेख त्या चादर घातलेल्या डायनिंग टेबलावर लिहिलेत.

पैशांचं आणि कागदांचं गणित निराळंच. दोघं अमेरिकन नागरिक, त्यामुळे इथं ओसीआय कार्डावर. राहता येतं, फ्लॅट घेता येतो. मत देता येत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. भारतात वर्षाला १८२ दिवस भरले, की इन्कम टॅक्सच्या लेखी तुमची गणना बदलते. इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर २०२० पासून ही मर्यादा आणखी खाली, १२० दिवसांवर आली आहे. काकांचं इथलं उत्पन्न म्हणजे एका एफडीचं व्याज, तरी ते डायरीत दिवस मोजतात. सवय. आणि मेडिकेअर, म्हणजे तिकडची पासष्टीनंतरची सरकारी आरोग्य योजना, देशाबाहेर जवळपास काहीच देत नाही. प्रवासाचा विमा घ्यायचा तर वय वाढेल तसा हप्ता वाढतो. काका आज ७६ वर्षांचे आहेत, मावशी ७२.

दोन वसंत

हे सगळं कशासाठी? मी मावशीला हे थेट विचारलंय. तिचं उत्तर असं, की तिला वर्षातून दोन वसंत मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथं पांगारा आणि काटेसावर फुलते. पाडव्याला गॅलरीत गुढी, कडुनिंबाची चटणी, श्रीखंड. मग विमानात बसायचं आणि तिकडे उतरलं, की पुन्हा सुरुवात. नागडी झाडं, ओली माती आणि त्यातून वर आलेले पिवळे डॅफोडिल. एप्रिलच्या मध्यावर दोघं नेवार्कच्या ब्रँच ब्रूक पार्कला जातात. तिथं चेरीची पाच हजारांहून जास्त झाडं आहेत. चेरी ब्लॉसमसाठी जगप्रसिद्ध वॉशिंग्टनपेक्षाही जास्त, हे काका तुम्हाला सांगितल्याशिवाय राहणार नाहीत.

पण या दोन वसंतांच्या मध्ये हापूस हुकतो. पाडव्याला पेटीचा भाव ऐकून नुसता उसासा टाकायचा आणि भाव खाली यायच्या सुमारास हे आकाशात. २००७ मध्ये अमेरिकेनं १८ वर्षांनी आपल्या आंब्याला दार उघडलं, तेव्हा लासलगावला विकिरण करून हापूस तिकडे गेला. मावशीनं पहिल्या वर्षी हौसेनं बॉक्स आणला. ‘‘पिकतो गं. पण अढी लावायची मजा नाही, आणि किंमत बघून गळ्याखाली उतरत नाही.’’

एकाच वर्षी तिनं मनसोक्त आंबा खाल्ला. २०२० मध्ये. २२ मार्चच्या मध्यरात्री आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, तेव्हा दोघांच्या बॅगा भरलेल्या होत्या. साडेतीन महिने ते कोथरूडला अडकले. सोसायटीच्या गेटवर पेट्या यायच्या, त्या सॅनिटायझरनं पुसून वर न्यायच्या. काकांच्या ब्लडप्रेशरच्या अमेरिकन गोळ्या संपल्या, मग फोनवरून डॉक्टर गाठून इकडच्या सुरू झाल्या. जुलैत एकदाचे परतले. ‘‘आयुष्यातला सगळ्यात चांगला आंब्याचा सीझन,’’ मावशी म्हणते, आणि एक सेकंद थांबून, ‘‘पण डॅफोडिल बघायचे राहिले. घरी गेले तर सगळं रान माजलेलं.’’ मी ते वाक्य लक्षात ठेवलंय. कोथरूडच्या घरात बसून ती ‘घरी गेले’ म्हणत होती.

आणि न्यूजर्सीहून व्हिडिओ कॉलवर ती काय म्हणते? ‘‘घरी आले, की तुला पुरणपोळी करून घालते.’’

पार्किंगमधली मीटिंग

२०२५च्या फेब्रुवारीत मी त्यांना भिगवणला घेऊन गेले होते. पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर, उजनीचं बॅकवॉटर. पहाटेच्या बोटीतून रोहित पक्षी पाहिले, पट्टकादंब पाहिले. हे पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत फिरतात. माझ्या डोक्यात लेखाचा इंट्रो तयार झाला होता. तेवढ्यात काका म्हणाले, ‘‘यांच्या घरट्याला पुनर्विकास नसतो.’’

कारण आदल्याच रविवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मीटिंग झाली होती. कोथरूडमध्ये राहत असाल, तर हे दृश्य तुम्हाला पाठ असेल. प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रोजेक्टर, बिल्डरचा गुळगुळीत मुलगा. तीन मजल्यांच्या जागी अकरा मजले, लिफ्ट, जादा एरिया, तीन वर्षांचं भाडं. गंमत नाही, बिल्डिंगला खरंच गरज आहे. चाळीस वर्षांचे पाइप, लिफ्ट नाही, आणि काका-मावशी तिसऱ्या मजल्यावर. २०१९च्या नियमावलीनुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. ती आधीच जमली होती. काकांची सही नसती, तरी अडलं नसतं.

‘‘बाबा, सेल इट,’’ सिअ‍ॅटलहून मुलगा झूमवर म्हणाला. ‘‘यू कॅन रेंट समथिंग एव्हरी विंटर.’’ बॉस्टनच्या मुलीचं म्हणणं उलट: न्यूजर्सीचं घर विका, एवढे जिने, एवढं बर्फ, एवढा टॅक्स. दोघांचं बरोबर होतं. काका ऐकत राहिले आणि वहीत एक बेरीज करत बसले. मी डोकावून पाहिलं. ७६ + ३ = ७९. खाली दुसरी ओळ होती, तिच्यात बिल्डरचा उशीर धरला होता. ८१.

पुढचे सहा आठवडे त्या घरात या विषयावर कोणी मोठ्यानं बोललं नाही. तरी मावशी माळ्यावरचं सामान उगाचच खाली काढून पुसून परत वर ठेवत होती. काका संध्याकाळी जिन्यात थांबून शेजाऱ्यांशी गप्पा मारायचे. ते खरं तर दम खायला थांबायचे. ३० मार्चला पाडवा झाला. निघायच्या आदल्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. काकांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, अगदी वीस मिनिटं, आणि सही केली. मावशीनं सेक्रेटरींना चहा दिला, बशीत दोन नारळाच्या वड्या ठेवल्या. कोणी रडलंबिडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅब खाली उभी असताना तिनं दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि नेहमीसारखं दाराकडे बघून म्हणाली, ‘‘येते हं.’’ बिल्डिंग रिकामी करायची मुदत ऑक्टोबरअखेरची होती.

म्हणजे हे दोघं नोव्हेंबरात यायच्या आत घर मी रिकामं करायचं. हिवाळ्यात कुठे उतरायचं, यावर अजून एकमत नाही. काकांना त्याच गल्लीत भाड्यानं जागा हवीय. मावशी म्हणते, परक्या ओट्यावर गुळाच्या पोळ्या करायला मी येणार नाही, त्यापेक्षा एक थंडी तिकडेच काढू. २०२०-२१ची थंडी त्यांनी तिकडे काढली होती. त्या वर्षी काका फोनवर फक्त बर्फाचे इंच सांगायचे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला कॉल आला. इकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. मागे काकांचा आवाज येत होता; बेसमेंटमध्ये व्हॉल्व उघडून ते एकेक नळ तपासत होते. आधी खळखळ, मग हवेचा फुस्स, मग पाणी. मावशीनं मला फोनवरूनच अंगणात नेलं. डॅफोडिल आले होते. कढीपत्ता शेजारून परत आला होता, दोन फांद्या वाळलेल्या, खाली एक नवा कोंब. मग तिनं चष्मा चढवला आणि वही उघडली.

‘‘लिहून घे. पाटा-वरवंटा ठेव, तो आईचा आहे. पितळी डबे तुझ्या आईला विचार. लोखंडी कपाट देऊन टाक. माळ्यावर निळी पेटी आहे, ती उघडू नकोस, तशीच ठेव.’’

‘‘कुठे ठेवू?’’

ती थोडा वेळ वहीकडेच बघत राहिली. ‘‘बघू,’’ म्हणाली. ‘‘आंबा आला का गं? पेटी कितीला?’’