पूर्वचाचणीचे मोल

महाविद्यालयात प्रवेश देणारी परीक्षा विद्यार्थ्याचा पुढील मार्ग ठरविते. तिच्या आधी वर्ष-दोन वर्षे दिलेली चाचणी त्याची त्या वेळची तयारी दाखविते. पहिलीत झालेली चूक महाग पडते, दुसरीत झालेली चूक उपयोगी पडते. पूर्वचाचणीचे सारे मोल या भेदात सामावलेले आहे. तिला छोटी प्रवेश परीक्षाच समजून केवळ क्रमांकाकडे पाहणारे पालक नेमके हेच गमावून बसतात.

मध्य प्रदेशातील जबलपूर हे शहर या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. तेथे १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय, १९५५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय, १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ आणि २००५ मध्ये माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. मंडला, सिवनी, बालाघाट या जवळच्या जिल्ह्यांतील मुलांना हे शिक्षण घराजवळ मिळू शकते. परंतु त्याचे दार प्रवेश परीक्षेतूनच उघडते. आपल्या शाळेत पहिला येणारा विद्यार्थी राज्यातील किंवा देशातील समवयस्कांच्या तुलनेत कोठे उभा आहे, हे शाळेच्या प्रगतिपुस्तकावरून समजत नाही. प्रमाणित चाचणीची गरज येथून सुरू होते.

चाचणी प्रमाणित आहे याचा अर्थ असा की, सर्वांना सूचना, वेळ आणि गुणदानाची पद्धत एकच असते, आणि एकाच्या गुणांचा अर्थ मोठ्या समूहाच्या गुणांशी ताडून लावला जातो. म्हणूनच निकाल पुष्कळदा शततमकात, म्हणजे पर्सेंटाइलमध्ये, देतात. ८० शततमक म्हणजे शंभरांपैकी ऐंशी गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्यांपैकी शेकडा ८० जणांचे गुण या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

अशा मापनाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतरित केल्या. त्याच दशकात हिंदीत सामूहिक कसोटी रचणाऱ्या पं. लज्जाशंकर झा यांचे नाव जबलपूरच्या शासकीय आदर्श विद्यालयास दिलेले आहे.

शालेय वयातील सर्वांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा. १९६३ मध्ये दिल्लीपुरत्या १० विज्ञान-शिष्यवृत्त्यांनी तिचा आरंभ झाला. १९६४ मध्ये ती देशभर नेऊन शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० करण्यात आली. १९८५ पासून ती राज्य आणि राष्ट्र अशा दोन टप्प्यांत होऊ लागली. मानसिक क्षमता आणि शालेय विषय हे तिचे दोन भाग होते. शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळे. पण अपरिचित प्रश्नांना ठरावीक वेळेत सामोरे जाण्याचा अनुभव, शिष्यवृत्ती न मिळणाऱ्या हजारोंनाही दहावीतच लाभे. २०२१ मध्ये ही योजना स्थगित झाली, तेव्हा शिष्यवृत्तीबरोबर ही संधीही थांबली. अमेरिकेत १९५९ पासून चालू असलेल्या पीएसएटी या पूर्वचाचणीचे गुण महाविद्यालये प्रवेशासाठी वापरीत नाहीत. ती तयारी आजमावण्यासाठी आणि शिष्यवृत्तीच्या निवडीसाठी असते.

पूर्वचाचणीतून काय शिकता येते, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. जेईई मेन परीक्षेतील बहुपर्यायी प्रश्नाला चार पर्याय असतात. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास १ गुण कापला जातो. चार प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडविले, तर सरासरीने एक बरोबर येईल आणि तीन चुकतील; पदरात पडेल १ गुण. परंतु प्रत्येक प्रश्नातील दोन पर्याय विचारपूर्वक बाद करता आले, तर दोन बरोबर आणि दोन चूक या हिशेबाने ६ गुण मिळतील. अर्धवट ज्ञानाचीही किंमत असते, आणि ती केव्हा वसूल करावी याचा विवेक सरावानेच येतो.

त्याहून महत्त्वाचे आहे ते चुकांचे निदान. चूक तीन कारणांनी होते : विषय कळलेला नसतो, कळलेला असून वेळ पुरत नाही, किंवा प्रश्नाची भाषाच नीट उमगत नाही. जबलपूरच्या मराठीभाषक घरांतील मुलांना तिसरे कारण विशेष जाणवणारे आहे. नीट परीक्षेची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. जबलपूरला बसणाऱ्याने हिंदी किंवा इंग्रजी निवडावी लागते. कोणत्या भाषेत आपण जलद व अचूक वाचतो, हे त्याला पूर्वचाचणीत कळले तर निवड सुधारता येते. मुख्य परीक्षेत कळले तर फार उशीर झालेला असतो.

या साधनाला मर्यादाही आहेत. शिकवणी वर्गाच्या चाचणीतील क्रमांक हा त्या वर्गापुरताच असतो; आणि दर आठवड्याला मापन करून मधल्या काळात अभ्यासच झाला नाही, तर मापाला अर्थ राहत नाही. खर्चाची अडचण मात्र काहीशी कमी झाली आहे : राष्ट्रीय परीक्षा संस्थेने २०२० मध्ये विनाशुल्क सराव चाचण्या उपलब्ध केल्या. पालकांनी आणि शिक्षकांनी निकाल लागताच मुलाला क्रमांक विचारण्याऐवजी, चुकलेले प्रश्न त्याच्याबरोबर बसून पुन्हा वाचावेत. अकरावीतील मुलाच्या हाती अजून वर्ष असते; त्या वर्षात काय करावयाचे, हे ते चुकलेले प्रश्न त्याला सांगतात.