हे आपलंच आहे, राहू दे!

तळेऱ्याच्या तिठ्यावरून विजयदुर्गाच्या रस्त्याला लागलात की हापूसच्या बागा सुरू होतात. त्यातल्या एखाद्या कलमाकडे नीट पाहा. मुळं रायवळ आंब्याची, फांद्या हापूसच्या! पावसाळ्यात रायवळच्या कोयीतून आलेल्या कोवळ्या रोपाला चीर द्यायची, तिच्यात हापूसची काडी बसवायची, वर पट्टी घट्ट बांधायची. झालं! दोन वेगळी झाडं जन्मभर एक होऊन वाढतात. रायवळ काही हापूसला विचारत नाही, "तू कोण? हयसर कित्याक इलस?"

आपलं शरीर मात्र विचारतं. झाडांनाही रोगांशी लढता येतं, पण अंगभर फिरून परक्याला हुडकणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांच्याकडे नसतात. आपल्याकडे त्या आहेत, आणि त्यांची नजर भारी तीक्ष्ण! आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर काही खुणा असतात. त्या माझ्या वेगळ्या, तुमच्या वेगळ्या. हमखास सारख्या असतात त्या एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या. म्हणूनच माणसातलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण जुळ्या भावांमध्ये झालं. 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या भावाला, रिचर्डला बसवली. रिचर्डच्या पांढऱ्या पेशींनी खुणा पाहिल्या, त्या ओळखीच्या निघाल्या, आणि किडनी सुखानं काम करू लागली.

पण जुळं भावंड सगळ्यांना कुठून असणार? आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1965 मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला, पण तो यशस्वी झाला नाही. भारतातलं पहिलं यश 1971 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मिळालं. पुढे सायक्लोस्पोरिन नावाचं औषध आलं. ते सापडलं कुठे, तर नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीत! त्यामुळे अनोळखी माणसाचा अवयवही पूर्वीपेक्षा जास्त टिकू लागला. अशी औषधं पांढऱ्या पेशींचा जोर कमी करतात. अडचण अशी की जोर कमी होतो तो सगळ्याच बाबतीत. किडनी वाचते, पण साधी सर्दीसुद्धा त्या माणसाला जड जाऊ शकते. शिवाय गोळ्या रोज घ्यायच्या, वर्षानुवर्षं.

मग सगळ्या पेशींना दाबून ठेवण्याऐवजी त्यांना एवढंच शिकवता आलं तर, की "ही किडनी आपलीच आहे, राहू दे"?

शिकवायचं कसं, हे शरीरालाच ठाऊक आहे. आपल्या अंगात रोज अब्जावधी म्हाताऱ्या पेशी मरतात. यकृतातल्या आणि प्लीहेतल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि त्यांचे तुकडे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना दाखवतात, पण शांतपणे, धोक्याचा कुठलाही इशारा न देता. असं शांतपणे दाखवलेलं पाहून काही टी-पेशी गप्प बसतात, तर काही नियामक टी-पेशी होतात. नियामक म्हणजे इतरांना आवरणाऱ्या. या पेशींशी निगडित शोधांसाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना 2025 चं नोबेल मिळालं.

शास्त्रज्ञांनी हीच युक्ती उचलली. त्यांनी मेलेल्या पेशीची नक्कल करणारे कण तयार केले. केवढे? साधारण 500 नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे 2000 कण ओळीनं बसतील! ते ज्या पदार्थाचे बनतात, त्याच जातीच्या पदार्थापासून जखमेचे आपोआप विरघळणारे टाकेही करतात. त्यामुळे काम झालं की कणही अंगात विरघळून जातात. कणाच्या पोटात भरायचे ते अवयव देणाऱ्याच्या पेशींचे बारीक अंश. कण रक्तात सोडले की सफाईवाल्या पेशी त्यांना गिळतात आणि त्या परक्या खुणा टी-पेशींना शांतपणे दाखवतात. मला तर हे फार सुंदर वाटतं. इथे शरीराशी भांडण नाही, त्याच्याच सवयीनं त्याला समजावणं आहे.

2014 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मधुमेही उंदरांमध्ये दुसऱ्या जातीच्या उंदरांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बसवल्या आणि असे कण टोचले. काही उंदरांनी त्या परक्या पेशी कायमच्या स्वीकारल्या. जोडीला रॅपामायसिन हे औषध थोडंसं दिलं, तेव्हा परिणाम आणखी वाढला. माणसांवरही अशा कणांची एक चाचणी झाली आहे, पण प्रत्यारोपणासाठी नव्हे. गव्हातल्या ग्लायडिन या प्रथिनाचा ज्यांना त्रास होतो, त्यांना ग्लायडिन भरलेले कण दिले. मग मुद्दाम गव्हाचं प्रथिन खाऊ घातल्यावर त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी भडकल्या.

किडनीसाठी हे इतकं सोपं नाही. ग्लायडिन हे एक प्रथिन, तर परक्या किडनीवर खुणा कितीतरी. आई किंवा काका किडनी देणार असतील तर त्यांच्या पेशी आधीच घेऊन कण बनवायला सवड मिळेल. पण अचानक मिळालेलं हृदय काही तासांतच बसवावं लागतं. तेवढ्यात कण कधी बनवणार? हा प्रश्न अजून सुटायचा आहे. तुमच्यापैकी कोणी तो सोडवेलही.

तोवर एक काम तुम्ही आजच करू शकता. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाचं प्रत्यारोपण झालं असेल, तर त्यांच्याजवळ जाण्याआधी साबणानं हात धुवा. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर बरे होईपर्यंत लांबूनच गप्पा मारा. आणि त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली की आठवण करून द्यायला विसरू नका.